डेलियाच्या कंदांची हिवाळी काढणी व साठवण : तत्त्व आणि व्यवहार

सारांश

डेलिया ही मेक्सिकोच्या डोंगराळ प्रदेशातील वनस्पती होय. तिचा कंद हा कोरडा ऋतू निभावून नेण्यासाठी घडलेला अवयव आहे. गोठलेली जमीन त्याला सोसत नाही. त्यामुळे ब्रिटन, उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत दरवर्षी शरद ऋतूच्या अखेरीस हे कंद जमिनीतून काढून वसंतापर्यंत सुरक्षित ठेवावे लागतात. या कामाचे अनेक नियम बागाईतदारांच्या अनुभवातून रूढ झाले आहेत. प्रस्तुत लेखात त्या नियमांमागील वनस्पतिशास्त्रीय कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. कंद काढून साठवणे म्हणजे मेक्सिकोच्या पठारावरील कोरडा, थंड पण न गोठणारा ऋतू हाताने निर्माण करणे होय, अशी या लेखाची मांडणी आहे.

बीजशब्द : डेलिया, ग्रंथिल मूळ, सुप्तावस्था, इन्युलिन, शाकीय अभिवृद्धी, साठवण.

१. प्रस्तावना

उद्यानातील वनस्पतींचे वर्षायू, द्विवर्षायू व बहुवर्षायू असे तीन वर्ग करण्याची प्रथा आहे. या वर्गीकरणानुसार डेलिया बहुवर्षायू ठरते. परंतु ज्या देशांत हिवाळ्यात जमीन गोठते, त्या देशांतील बागेत ती स्वतःच्या बळावर दुसरे वर्ष पाहू शकत नाही. तिचे बहुवर्षायुत्व तेथे माणसाच्या हातावर अवलंबून असते. शरदाच्या अखेरीस तिचे कंद उकरून काढावयाचे, पाच-सहा महिने घरात सांभाळावयाचे आणि हिमाची भीती संपल्यावर पुन्हा जमिनीच्या स्वाधीन करावयाचे, हा क्रम तेथील डेलियाप्रेमी वर्षानुवर्षे पाळत आले आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, बियांपासून दरवर्षी नवी रोपे का करू नयेत, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर डेलियाच्या आनुवंशिक रचनेत आहे. बागेतील डेलिया अष्टगुणित आहे. म्हणजे तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर आठ संच असतात आणि त्यांची एकूण संख्या ६४ असते. त्यातच परपरागण ही तिची रीत. परिणामी बियांपासून उगवलेले रोप मातृवनस्पतीसारखे निपजत नाही. रंग, आकार, पाकळ्यांची ठेवण यांत प्रत्येक रोप वेगळे निघते. नवे वाण निर्माण करणाऱ्याला हे वैचित्र्य वरदान वाटते. परंतु असलेले वाण राखू पाहणाऱ्याला बीज निरुपयोगी ठरते. ते वाण टिकते केवळ कंदातून किंवा कंदाच्या कोंबापासून केलेल्या छाट कलमांतून, म्हणजेच शाकीय अभिवृद्धीने.

याचा अर्थ असा की, डेलियाचे कोणतेही नामांकित वाण हे एकाच मूळ रोपाचे अखंड चालत आलेले शरीर आहे. वेल्समधील कार्डिफ येथे ट्रेसेडर या रोपवाटिकाकाराने १९२४ मध्ये ‘बिशप ऑफ लँडॅफ’ हे काळपट पानांचे व लाल फुलांचे वाण पुढे आणले. आज जगात या वाणाचे जे जे अस्सल झाड फुलते, ते त्या रोपाचाच अंश आहे आणि तो अंश शंभर हिवाळ्यांतून कोणी ना कोणी सुखरूप पार नेलेला आहे. १८७९ पासूनचे मानले जाणारे ‘व्हाइट ॲस्टर’ हे वाण तर त्याहूनही जुने. एखाद्या दुर्मिळ वाणाचे मोजकेच कंद कोणा एकाच्या तळघरात असतील आणि ते एका हिवाळ्यात कुजले, तर ते वाण जगातूनच नाहीसे होते. त्याचे बीज कोठे राखून ठेवलेले नसते. साठवणुकीचा प्रश्न म्हणूनच केवळ एका बागेपुरता उरत नाही.

२. लेखाची उद्दिष्टे

१) डेलियाच्या कंदाची रचना व त्याचे नैसर्गिक प्रयोजन स्पष्ट करणे.
२) काढणी व साठवण यांच्या रूढ पद्धतींमागील कारणे समजून घेणे.
३) महाराष्ट्राच्या हवामानात या तत्त्वांचा उपयोग कसा बदलतो, याचा थोडक्यात विचार करणे.

३. मूळ भूमी आणि कंदाचे प्रयोजन

डेलियाच्या रानटी प्रजाती प्रामुख्याने मेक्सिको व मध्य अमेरिकेतील डोंगराळ भागात आढळतात. १७८९ मध्ये मेक्सिको शहरातील वनस्पती उद्यानाकडून व्हिसेंते सेर्व्हांतेस यांनी माद्रिद येथील राजोद्यानाकडे तिचे बी पाठविले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोनियो होसे काव्हानिय्येस यांनी १७९१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि लिनीअसचे स्वीडिश शिष्य आंद्रेआस डाल यांच्या स्मरणार्थ तिला ‘डेलिया’ हे नाव दिले. पुढे १९६३ मध्ये मेक्सिकोने तिला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला.

या इतिहासापेक्षा तिच्या मायभूमीचे ऋतुमान आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मेक्सिकोच्या पठारी व डोंगरी भागात साधारणतः मे-जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस पडतो. डेलिया या काळात वाढते व फुलते. त्यानंतर कोरडा ऋतू सुरू होतो. जमिनीवरील भाग वाळून जातो आणि वनस्पती भूमिगत कंदाच्या रूपाने पुढील पावसाची वाट पाहते. उंचीमुळे तेथील हिवाळा थंड असतो, परंतु कंद ज्या खोलीवर असतात तेथे माती गोठत नाही. ती थंड व कोरडीशी असते. तरीही तिच्यात थोडा ओलावा टिकून असतो.

म्हणजेच डेलियाच्या कंदाला विश्रांती परिचित आहे, थंडावाही परिचित आहे. अपरिचित आहे ते गोठणे आणि थंडीत भिजत राहणे. उत्तर युरोपातील हिवाळा नेमक्या याच दोन गोष्टी घेऊन येतो. कंदाचा मोठा हिस्सा पाण्याचा असल्याने माती गोठली की पेशींतील पाण्याचे हिमस्फटिक होतात, पेशींची आवरणे फाटतात आणि हिम वितळताच कंदाचा लगदा होतो. माती गोठली नाही तरी महिनोन्महिने चिंब राहिलेल्या जमिनीत, वाढ थांबलेला कंद कुजण्याचा संभव असतो. पुढे सांगितलेली प्रत्येक कृती या दोन संकटांच्या संदर्भात पाहिली, तर तिचा अर्थ सहज लागतो.

४. कंदाची रचना : डोळा कोठे असतो?

व्यवहारात आपण डेलियाच्या भूमिगत अवयवास ‘कंद’ म्हणतो आणि या लेखातही सोयीसाठी तोच शब्द वापरला आहे. तथापि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते ग्रंथिल मूळ, म्हणजे अन्नसाठ्याने फुगलेले मूळ आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. आपल्या परिचयाच्या तीन भूमिगत अवयवांशी तुलना केली असता तो स्पष्ट होईल.

बटाटा हे खोडाचे रूपांतर आहे. त्याच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी डोळे असतात आणि डोळा असलेल्या कोणत्याही फोडीपासून नवे झाड होते. रताळे हे डेलियाप्रमाणे मूळच आहे. परंतु रताळ्याच्या अंगी स्वतःवर नवे कोंब निर्माण करण्याची क्षमता असते. डेलियाच्या मुळाला ती क्षमता नाही. तिचे सर्व डोळे जुन्या खोडाच्या बुंध्याशी, जेथे कंदाची मान खोडास जोडलेली असते तेथे, एका अरुंद पट्ट्यात असतात. बुंध्याचा तुकडा न घेता तुटलेला कंद कितीही टपोरा असला, तरी त्याला कोंब येत नाही. असा कंद जमिनीत महिनोन्महिने ताजा राहील, त्याला तंतुमुळेही फुटतील. पण झाड होणार नाही. बागाईतदार त्याला ‘आंधळा’ कंद म्हणतात.

तिसरी तुलना कांद्याशी. कांदा काढल्यावर तो शेतात सुकविला जातो, त्याची मान मिटते आणि बाहेरील कोरडे पापुद्रे आतील ओलावा राखतात. डेलियाच्या कंदाला असे पापुद्र्यांचे कवच नसते. त्याची साल पातळ असते आणि ती सहज खरचटते. म्हणून कांद्याप्रमाणे त्याला मोकळ्या हवेत चाळीत महिनोन्महिने ठेवता येत नाही. तो सुरकुतून जातो.

कंदातील अन्नसाठाही वेगळ्या प्रकारचा आहे. बटाट्यात स्टार्च असतो, तर डेलियात इन्युलिन, म्हणजे फ्रुक्टोज शर्करेच्या रेणूंची साखळी. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत आयोडीनच्या द्रावणाने बटाट्याचा काप निळा-काळा होतो, डेलियाचा होत नाही. आणि डेलियाच्या मुळाचे तुकडे अल्कोहोलमध्ये ठेवून काप घेतल्यास इन्युलिनचे गोलाकार स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. साठवणीच्या काळात या साखळ्या हळूहळू तुटून लहान होतात आणि वसंतात कोंबाला लागणारी शर्करा त्यांतूनच मिळते. साठवलेला कंद वरकरणी निश्चल दिसला, तरी त्याचे श्वसन चालू असते. आपण सांभाळतो ती निर्जीव वस्तू नसून मंदावलेले जीवन असते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

५. काढणीची वेळ

‘पहिल्या हिमतुषारानंतर कंद काढावेत’ हा ब्रिटन व अमेरिकेतील बागाईतदारांचा जुना नियम आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली उतरतो, दव गोठते आणि सकाळी डेलियाची पाने व फुले काळवंडून लोंबू लागतात. आदल्या दिवशी फुलांनी बहरलेली बाग एका रात्रीत करपलेली पाहून नवख्या माणसाला वाटते की, सर्व संपले. प्रत्यक्षात जमीन हवेपेक्षा बरीच सावकाश थंड होत असल्याने खालचे कंद या वेळी सुरक्षित असतात.

इतके दिवस थांबण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे डेलियाचे कंद लहान दिवसांत भरतात. दिवसाची लांबी साधारण बारा तासांहून कमी होऊ लागली की वनस्पतीचे अन्न फुलांकडून मुळांकडे अधिक प्रमाणात वळते. उत्तर गोलार्धात हा काळ सप्टेंबरच्या अखेरीपासून पुढे येतो. सप्टेंबरमध्येच घाईने काढलेले कंद बारीक, कोवळे व पातळ सालीचे निघतात आणि साठवणीत लवकर वाळतात. दुसरे कारण डोळ्यांचे. शेंड्याकडील वाढ चालू असते तोवर बुंध्यावरील डोळे दबलेले राहतात. हिमाने किंवा कात्रीने वरील भाग नष्ट झाला की शेंड्याचे वर्चस्व संपते आणि काही दिवसांत डोळे किंचित फुगून दिसू लागतात. म्हणून खोड छाटल्यानंतर आठवडाभर थांबून मग कंद काढण्याची प्रथा आहे.

मात्र थांबण्यालाही मर्यादा आहे. कापलेले खोड पोकळ असते. त्यात पावसाचे पाणी साचले तर ते थेट बुंध्यात, म्हणजे डोळ्यांच्या जागी उतरते. शिवाय एका हलक्या हिमतुषारानंतर कडाक्याची थंडी केव्हा येईल याचा नेम नसतो. जेथे हिम उशिरा पडते, तेथेही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कंद काढून घेणे इष्ट मानले जाते. याउलट जेथे हिवाळा सौम्य व माती निचऱ्याची असते, तेथे खोड छाटून वर सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा कंपोस्टचे आच्छादन घालून कंद जागीच ठेवतात. हा मार्ग सोपा असला तरी त्यात जोखीम आहे. ज्या वाणाची दुसरी प्रत आपल्याकडे नाही, ते वाण या पद्धतीने जमिनीत ठेवू नये.

६. काढणीची रीत

काढणीचे पहिले काम फावड्याचे नसून चिठ्ठीचे आहे. सर्व कंद दिसावयास जवळजवळ सारखे असतात. फुले करपल्यानंतर कोणते झाड कोणत्या वाणाचे, हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून फुले असतानाच प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाणाचे नाव लिहिलेली, पाण्याने न पुसणारी पट्टी बांधावी. नाव हरवले की वाण जिवंत असूनही अर्धे हरवल्यासारखे होते.

त्यानंतर खोड जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर राखून कापावे. हा खुंट पुढे हाताळणीसाठी उपयोगी पडतो. परंतु केवळ त्याला धरून कंद उपटू नये. बुंध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर चारी बाजूंनी लांब दातांचा लोखंडी काटा खुपसून माती सैल करावी आणि मग खालून आधार देऊन संपूर्ण घड उचलावा. यात जपावयाचे असते ते मानेला. कंद व बुंधा यांना जोडणारी मान काही वाणांत पेन्सिलीएवढी बारीक असते. मातीसह घडाचे वजन बरेच असते आणि उचलताना हिसका बसला की मान मोडते. मोडलेली मान सालीने जोडलेली राहिल्यास डोळ्यांना इजा दिसत नाही. परंतु अन्न व पाणी यांचा मार्ग तुटलेला असतो आणि तो कंद पुढे वाळतो किंवा कुजतो.

घड बाहेर आल्यावर माती झाडून काढावी. चिकण माती असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने धुण्याची पद्धत आहे. नंतर पोकळ खोडातील पाणी निथळावे म्हणून घड उलटा, म्हणजे खुंट खाली करून, हिमापासून सुरक्षित व हवेशीर जागी ठेवतात. संपूर्ण घड ठेवावयाचा असल्यास ब्रिटिश बागांत हा काळ दोन-तीन आठवड्यांचा असतो. धुऊन वेगळे केलेले कंद मात्र एक-दोन दिवसांतच पुरेसे सुकतात. त्यांना अधिक काळ उघडे ठेवल्यास ते सुरकुतू लागतात. सुकविण्याचा हेतू पृष्ठभागावरील पाणी घालविणे व जखमा भरून येऊ देणे एवढाच आहे. कंदाच्या आतील पाणी काढून टाकणे हा नव्हे. ऊन किंवा शेगडी यांचा उपयोग म्हणूनच वर्ज्य मानावा.

घडाचे विभाजन शरदात करावे की वसंतात, याबाबत मतभेद आहेत. शरदात बुंधा कोवळा असल्याने सुरी सहज चालते, पण डोळे ओळखणे अवघड जाते. वसंतात डोळे ठळक दिसतात, पण बुंधा लाकडासारखा कठीण झालेला असतो आणि संपूर्ण घडाला हिवाळाभर अधिक जागा लागते. नवशिक्याने वसंताची वाट पाहणे श्रेयस्कर. कोणत्याही वेळी विभाजन केले तरी प्रत्येक तुकड्यात कंद, अखंड मान आणि डोळा असलेला बुंध्याचा अंश हे तिन्ही असलेच पाहिजेत.

७. साठवण : दोन विरोधी धोके

साठवलेल्या कंदाला दोन बाजूंनी धोका असतो. हवा फार कोरडी असेल तर तो वाळतो. फार ओली असेल तर कुजतो. एकावर केलेला उपाय दुसऱ्याला निमंत्रण देतो. यामुळे साठवणीचा एकच सर्वमान्य नियम सांगता येत नाही. एका घरात उत्तम ठरलेली पद्धत शेजारच्या घरात अपयशी ठरते, कारण दोन तळघरांची हवा सारखी नसते.

प्रथम तापमानाचा विचार करू. साधारण ४ ते १० अंश सेल्सिअस हा पट्टा सुरक्षित समजला जातो. त्याच्या खाली गोठण्याची भीती, तर वर दोन अडचणी. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे अन्नसाठा दुप्पट वेगाने खर्च होतो. शिवाय उबेमुळे डोळे अकाली जागे होऊन अंधारात फिकट, लांबट कोंब फुटतात.

आर्द्रतेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. थंड देशांतील घरे हिवाळ्यात आतून तापविलेली असतात. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. २० अंशांच्या हवेत ते १७ ग्रॅमपर्यंत मावू शकते. बाहेरील थंड हवा घरात येऊन तापली की तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, मात्र तिची ओलावा शोषण्याची शक्ती वाढते. अशा हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. तापविलेल्या खोलीत उघड्या टोपलीत ठेवलेले कंद जानेवारीपर्यंत सुकून काटकीसारखे का होतात, याचे कारण येथे मिळते. कंदांना सुमारे ८० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते आणि ती न तापविलेल्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये अधिक सहज मिळते.

कंदाची जाडीही लक्षात घ्यावी लागते. पाणी पृष्ठभागातून जाते, साठलेले मात्र घनफळात असते. सारख्याच घाटाचे दोन कंद घेतले आणि एकाची सर्व मापे दुसऱ्याच्या निम्मी असली, तर लहान कंदाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमागे दुप्पट पृष्ठभाग उघडा असतो. म्हणून बारीक कंद आधी वाळतात. ज्या वाणांचे कंद स्वभावतःच लहान असतात, ती वाणे साठवणीस कठीण ठरतात आणि त्यांना भरण-द्रव्याचे संरक्षण अधिक लागते.

भरण-द्रव्य म्हणून कोरडी वाळू, लाकडाचा भुसा, व्हर्मिक्युलाइट, कोरडे कंपोस्ट किंवा वर्तमानपत्राचा कागद वापरतात. पूर्वी पीट सर्रास वापरले जाई; पाणथळ भूमीच्या रक्षणासाठी त्याचा वापर आता कमी करण्याकडे कल आहे. द्रव्य कोणतेही असो, त्याचे कार्य तिहेरी आहे : ते कंदाभोवतीची हवा स्थिर ठेवून बाष्पीभवन मंदावते, श्वसनातून बाहेर पडणारा ओलावा शोषून घेते आणि एका कंदाची कूज दुसऱ्याला लागू देत नाही.

ब्रिटिश परंपरेत संपूर्ण घड लाकडी पेटीत किंवा कुंडीत ठेवून भोवती किंचित ओलसर वाळू वा कंपोस्ट भरतात आणि बुंधा उघडा ठेवतात, कारण कूज बहुधा बुंध्यापासून सुरू होते. अमेरिकेतील अनेक बागाईतदार कंद धुऊन, सुटे करून, गंधकाची भुकटी लावून व्हर्मिक्युलाइटच्या पिशव्यांत ठेवतात. काही जण प्रत्येक कंद प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात वेगळा गुंडाळतात. वरकरणी परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन रीतींचे साध्य एकच आहे. जेथे हवा दमट, तेथे कंद उघडा ठेवावयाचा; जेथे हवा कोरडी, तेथे तो झाकावयाचा. मात्र पृष्ठभाग ओला असताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कंद हमखास कुजतो.

८. हिवाळ्यातील पाहणी

कंद पेटीत ठेवले म्हणजे काम संपले, असा समज अनेकांचे नुकसान करतो. महिन्यातून एकदा पेटी उघडून प्रत्येक कंद हाताने चाचपून पाहावा. तीन अवस्था संभवतात :

१) कंद घट्ट व भरीव आहे : काहीही करू नये.
२) कंद मऊ आहे व सुरकुतला आहे : पाणी कमी झाले आहे. भरण-द्रव्यावर पाण्याचा हलका फवारा द्यावा. थोड्या सुरकुत्यांनी कंद मरत नाही. मान व बुंधा वाळून ठिसूळ झाल्यास मात्र आशा उरत नाही.
३) कंद मऊ आहे, ओलसर आहे व त्याला दुर्गंधी येते : कूज सुरू झाली आहे. निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत कुजका भाग कापून टाकावा, काप सुकू द्यावा आणि तो कंद इतरांपासून वेगळा ठेवावा. कूज मानेपर्यंत पोहोचली असल्यास कंद टाकून द्यावा.

प्रत्येक कापानंतर सुरी निर्जंतुक करणे अगत्याचे आहे. राखाडी बुरशी, फ्युजेरियम व मऊ कूज घडविणारे जीवाणू जखमेतूनच आत शिरतात.

९. काय राखू नये

साठवणुकीत वाण जसे टिकते, तसा रोगही टिकतो. बुंध्यावर फुलकोबीसारख्या गाठी दिसल्यास तो जीवाणुजन्य गाठीरोग असण्याची शक्यता असते. मावा पसरवीत असलेला डेलिया मोझेक विषाणू व फुलकिडे पसरवीत असलेला टोमॅटोचा ठिपके-मर विषाणू हे कंदातून पुढील वर्षात जातात. बाधित झाडाच्या पानांवर उन्हाळ्यात पिवळट पट्टे, वलये किंवा आखूडपणा दिसतो. कंदावर मात्र बहुधा काहीच दिसत नाही. म्हणून कोणते कंद राखावयाचे याचा निर्णय झाडे हिरवी असतानाच घ्यावा लागतो आणि रोगट झाडांना तेव्हाच खूण करून ठेवावी लागते. अशी झाडे समूळ नष्ट करणे, हा वाणाच्या रक्षणाचाच एक भाग आहे. दुर्मिळ वाणाच्या बाबतीत हा निर्णय जड जातो. परंतु एका रोगट कंदाच्या मोहापायी संपूर्ण संग्रह गमावल्यास रक्षणाचा हेतूच विफल होतो.

१०. जागृती व अभिवृद्धी

फेब्रुवारी-मार्चपासून कंदांना १५ अंशांच्या आसपास ऊब, उजेड व थोडा ओलावा दिला की डोळे फुटतात. सात-आठ सेंटिमीटरचे कोंब बुंध्याजवळ कापून त्यांची मुळे फोडता येतात आणि एका कंदापासून अनेक रोपे मिळतात. जमिनीत लागवड मात्र हिमाची भीती संपल्यावरच, ब्रिटनमध्ये साधारणपणे मेच्या अखेरीस करतात.

अभिवृद्धीची ही क्षमता किती मोलाची आहे, हे १८७२ मधील एका प्रसंगावरून दिसते. त्या वर्षी हॉलंडमधील यूट्रेख्ट येथील व्हान डेर बर्ग यांना मेक्सिकोहून बिया व मुळे यांची एक पेटी आली. समुद्रप्रवासात जवळजवळ सर्व माल कुजून गेला होता. ती पेटी फेकून न देता त्यांनी बारकाईने तपासली तेव्हा मुळाचा एक लहानसा तुकडा जिवंत आढळला. तो त्यांनी जोपासला, त्याच्या कोंबांपासून रोपे केली आणि त्यांतून टोकदार, मागे वळलेल्या पाकळ्यांची लाल डेलिया फुलली. मेक्सिकोचे अध्यक्ष हुआरेस यांच्या नावावरून तिला ‘हुआरेसी’ असे नाव मिळाले. आज जगभर लोकप्रिय असलेल्या कॅक्टस वर्गातील डेलियांच्या वंशाचे मूळ या एका तुकड्याकडे नेले जाते. कुजक्या पेटीतही डोळा शोधण्याची चिकाटी दाखविली नसती, तर हा वर्ग अशा रीतीने उदयास आला नसता.

११. महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या पठारी भागात डेलिया हिवाळी फूल आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड, डिसेंबर ते फेब्रुवारीत फुले आणि पाने पिवळी पडल्यावर मार्च-एप्रिलमध्ये काढणी असा क्रम येथे असतो. कंद हिवाळ्याऐवजी उन्हाळा व पावसाळा यांतून पार न्यावयाचे असतात. आपल्याकडे गोठण्याचे भय नाही; परंतु ४ ते १० अंशांचा थंडावाही नाही. एप्रिल-मेच्या उष्णतेत श्वसन व बाष्पीभवन दोन्ही वेगाने होतात आणि जूनपासून दमट हवेत कूज व अकाली कोंब यांचा त्रास सुरू होतो. म्हणजे युरोपात एकाच वेळी संभवणारे दोन धोके येथे एकापाठोपाठ एक येतात.

यावरून व्यवहार ठरविता येतो. उन्हाळ्यात कंद सावलीच्या, शक्य तितक्या थंड खोलीत, मातीच्या भांड्यात वाळूमध्ये पूर्ण झाकून ठेवावेत आणि वाळू अगदी कोरडी पडू देऊ नये. पाऊस सुरू झाल्यावर मात्र वाळू बदलून कोरडी घालावी, बुंधा उघडा ठेवावा व पाहणी पंधरवड्याने करावी. परदेशी पुस्तकांतील ‘कोरड्या जागी ठेवा’ हा सल्ला मेमध्ये शब्दशः पाळल्यास कंद वाळतील, आणि ‘ओलसर वाळूत ठेवा’ हा सल्ला जुलैमध्ये पाळल्यास कुजतील. दोन्ही सल्ले आपापल्या हवामानात योग्यच आहेत. आपण त्यांमागील कारण घ्यावयाचे असते.

१२. निष्कर्ष

१) डेलियाचा कंद कोरड्या व थंड ऋतूत टिकण्यासाठी घडलेला आहे. गोठणे व थंडीत भिजणे त्याला सोसत नाही; काढणीची गरज येथूनच निर्माण होते.
२) राखावयाचा असतो तो बुंध्यावरील डोळा. कंद हा त्याचा शिधा आहे. मान मोडल्यास शिधा पोहोचत नाही आणि डोळा नसल्यास शिधा व्यर्थ जातो.
३) साठवणीची कोणतीही रीत स्वतंत्रपणे योग्य किंवा अयोग्य नसते. जेथे ती वापरावयाची, त्या जागेचे तापमान व आर्द्रता यांवर तिची योग्यता ठरते. म्हणून नव्या जागी पहिल्या वर्षी कंद दोन-तीन पद्धतींत विभागून ठेवावेत व आपल्या जागेचा अनुभव घ्यावा.
४) वाणाचे नाव, त्याचे आरोग्य व त्याचा डोळा या तिन्हींचे रक्षण झाले तरच वाणाचे रक्षण झाले असे म्हणता येईल.
५) दुर्मिळ वाण एकाच ठिकाणी ठेवू नये. एखादा कंद दुसऱ्या जाणकाराच्या हाती देणे हा साठवणीचा सर्वांत खात्रीचा उपाय होय. कारण एका घरातील पेटी कुजली, तरी दुसऱ्या घरातील डोळा वसंतात फुटेल.